दस्ता दोन बोटं लांब

वरची वाडी, आंबेनळी
३ ऑगस्ट २०२३

मामा, नमस्कार.

पियुषदादा म्हणाला की तुमचं खुब्याचं हाड जुळायला अजून दोन महिने लागतील आणि तोवर हिरकणीवाडीतून तुम्हाला हलता येणार नाही. मी यायला हवं होतं, पण लावणी चालू आहे. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि आमच्या वाडीत रेंज नाही, ती घाटाच्या वळणावर जाऊन पकडावी लागते. म्हणून पत्र लिहिते.

सासऱ्यांची शेतसंरक्षणाची बंदूक आता माझ्या नावावर झाली. ते गेल्यापासून दोन वर्षं ती पोलीस ठाण्यात जमा होती. जितेश महाडच्या एमआयडीसीत, पाळ्यांमुळे आठवड्यातून एकदा घरी येतो. शेतात मीच असते. म्हणून त्याने आणि सासूबाईंनी माझ्या नावाला संमती दिली. धाकटे दीर सदूभावजी, त्यांनीही सही केली, पण तोंड वाकडं करून. परवान्याआधी दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथे दुसऱ्याच्या बंदुकीने दोन बार काढले, ते नीट निघाले.

परवा दिवेलागणीच्या आधी डुकरं वरच्या खाचरात उतरली. नऊ मोजली. मला मारायचं नव्हतं, नुसतं हाकलायचं होतं. नळी बांधाकडे धरून चाप ओढला. टक्. दुसरं काडतूस भरलं. टक्. डुकरांनी मानसुद्धा वर केली नाही. शेजारच्या बांधावर सदूभावजी उभे होते. म्हणाले, “वयनी, आता त्यांना हळदकुंकू लाव.”

अर्धं खाचर नांगरल्यासारखं झालं, तिथे पुन्हा रोपं लावावी लागतील. तुम्ही फौजेत पंचवीस वर्षं हत्यारं दुरुस्त केलीत. दोष काडतुसाचा की बंदुकीचा, हे कसं ओळखायचं ते सांगा. बंदूक एकनळी बाराबोअर आहे. काडतुसं सासऱ्यांच्याच वेळची.

तुमची,
संजीवनी


हिरकणीवाडी
९ ऑगस्ट २०२३

संजू,

पत्र मिळालं. पायाला वजन बांधून पडलोय. वरून पाऊस, खालून डास. पियुषच्या झोपडीवजा हॉटेलात गडाच्या रोपवेची माणसं झुणकाभाकर खातात आणि मी छपराची कौलं मोजतो. तुझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा उठून बसावंसं वाटलं.

आधी एक सवय सांगतो, ती हाडात मुरव. टक् झालं आणि बार निघाला नाही, तर बंदूक लगेच उघडायची नाही. नळी समोर बांधाकडेच ठेवायची, तोंड फिरवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मनात तीस मोजायचं. कधी कधी काडतूस उशिरा पेटतं. तीस झाले की तोंड बाजूला ठेवून उघडायची. तू परवा लगेच उघडलीस, हे तू लिहिलं नाहीस, पण मला कळलं.

आता दोष. काडतुसाच्या बुडाला मध्ये जी गोल टोपी असते, तिच्यावर बंदुकीतल्या पिनेचा खड्डा पडतो. तो खोल आहे की नुसता ओरखडा? मधोमध आहे की कडेला? नीट बघ आणि चित्र काढून पाठव. काडतूस मात्र पोस्टात टाकू नकोस, नाहीतर मी मोडक्या पायाने तुरुंगात जाईन. न पेटलेली दोन्ही वेगळ्या डब्यात ठेव आणि महाडला परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे दे.

खड्डा खोल असेल तर काडतूस मेलेलं. उथळ असेल तर बंदूक आजारी. आणि सासरे तिला तेल कुठलं लावायचे ते सासूबाईंना विचार.

रायबा मामा


वरची वाडी
२८ ऑगस्ट २०२३

मामा,

खड्डा उथळ होता. चित्र काढून ठेवलं होतं, पण ते पाठवायच्या आधीच जितेशला सुट्टी मिळाली आणि आम्ही दोघं बंदूक घेऊन महाडला गेलो. दुरुस्ती करणारे राजेश म्हणून आहेत. वडिलांपासून त्यांच्याकडे हेच काम.

तेलाचा प्रश्न तुम्ही का विचारलात ते तिथे कळलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, “दुसरं कुठलं असनार? डोक्याला लावतो तेच. खोबरेल.” राजेशभाऊंनी पिन बाहेर काढली तर तिच्याभोवती मेणासारखा पिवळा थर. वर्षानुवर्षं थंडीत गोठलेलं, धूळ बसून घट्ट झालेलं. पिन पुढे यायची, पण जीव नसल्यासारखी. त्यांनी ती घासून काढली, स्प्रिंग बदलली. जुनी काडतुसंही फुगली होती. चुलीवरच्या माळ्यावर असायची ती, वर्षभर धूर आणि पावसाळ्यात ओल. ती जमा केली आणि परवान्यावर नवी घेतली.

आता बार निघतो. असा निघतो की समोरच्या डोंगरातून दोनदा परत येतो.

पण लागत कुठे काही नाही. डुकरं जिथून उतरतात तिथे बांधावर गोणपाट लावलं होतं. वीस पावलांवरून तीन वेळा बार काढले. छर्रे सगळे वर आणि डावीकडे, करवंदीच्या जाळीत. गोणपाटाला एकही भोक नाही. हातही दुखतो. डुकरं पहिल्या दिवशी पळाली, दुसऱ्या दिवशी थोडी लांब जाऊन उभी राहिली. सदूभावजी म्हणतात डुकरांनाही कळलंय.

संजीवनी


हिरकणीवाडी
३ सप्टेंबर २०२३

संजू,

खोबरेलाचं वाचून हसलो. अर्ध्या कोकणातल्या बंदुका त्यानेच मुक्या होतात.

नेम चुकतो त्याचं कारण सरळ आहे. तू भितेस. यात लाज वाटून घेऊ नकोस, मी फौजेत सहा फुटी जवान भिताना पाहिलेत. बार निघायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा मागे जातो, नळी वर उठते. मग छर्रे आभाळात.

उपाय म्हणजे रिकाम्या बंदुकीची तालीम. दोनदा उघडून बघायचं की आत काही नाही. मग नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढायचा. नाणं पडलं नाही पाहिजे. रोज पन्नास वेळा. भीती आपोआप जाते.

आणि जमलं नाही तर सदूला देऊन टाक. त्यात कमीपणा नाही. शेत राखलं जाणं महत्त्वाचं.

रायबा मामा


हिरकणीवाडी
२२ सप्टेंबर २०२३

संजू,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. पोस्टमन वर चढून आला की मी खिडकीतून बघतो. तो पियुषकडे चहा पिऊन जातो. बरी आहेस ना? गणपतीत आजारी पडलीस की काय? दोन ओळी टाक.

मामा


वरची वाडी
२७ सप्टेंबर २०२३

मामा,

आजारी नाही. रागावले होते.

नाणं ठेवून मी पन्नास नाही, शंभर वेळा चाप ओढला. रोज. नाणं एकदाही पडलं नाही, आणि माझे डोळेही मिटत नाहीत. सासूबाईंना समोर बसवून बघायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, “डोळं उघडंच हायत गो तुझं. चांगलं वटारलेलं हायत.” तरी खरा बार काढला की छर्रे डावीकडेच. म्हणजे मी भित नाही. तुम्ही न बघता लिहिलंत.

आणि सदूभावजींना द्या, असं तुम्हीही लिहिलंत तेव्हा वाटलं की आता कुणाला काही सांगण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगते. ऑगस्टमध्येच सदूभावजींनी तक्रार अर्ज दिला. बाईला बंदूक चालवता येत नाही, वाडीला धोका आहे, परवाना त्यांच्या नावावर करावा. पोलीस ठाण्यातून साहेब आले होते. सरळ माणूस. म्हणाले, “अर्ज आलाय म्हणजे मला बघावं लागेल. १९ ऑक्टोबरला फायरिंगच्या मैदानावर तालुक्यातल्या परवानाधारकांना बोलावलंय. तुम्हीपण या. पाच काडतुसं. चार चौकटीत लागली तर अर्ज निकाली काढतो.” नाही लागली तर बंदूक पुन्हा जमा.

वाडीत सतरा घरं आहेत आणि चालणारी बंदूक ही एकच. गेली दोन वर्षं ती जमा होती, त्या दोन्ही वर्षांत कुणाच्या घरात वरच्या खाचरांतली नाचणी आली नाही. सदूभावजींना बंदूक हवी आहे, पण ते महिन्यातले वीस दिवस पोलादपूरला गाडीवर असतात. मग डुकरांना कोण हाकलणार?

माझ्या हातावर काळानिळा डाग पडलाय. प्रत्येक बाराला तिथेच बसतं. खांद्यावर नाही, खांद्याच्या खाली, दंडावर. याला तुमच्याकडे काही औषध असलं तर कळवा. बाकी काही नको.

संजीवनी


हिरकणीवाडी
१ ऑक्टोबर २०२३

संजू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझ्या शेवटच्या चार ओळींत सगळं उत्तर होतं आणि ते मी ऑगस्टमध्येच विचारायला हवं होतं.

बंदुकीचा लाकडी दस्ता खांद्याच्या खळगीत बसायला हवा. तुझा दंडावर बसतो. म्हणजे तो तुझ्यासाठी लांब आहे. तो खांद्यावरून बाहेर घसरतो, नळी डावीकडे ओढली जाते, छर्रे तिकडेच जातात. तू डोळे मिट नाहीतर उघड, फरक पडायचा नाही. रिकाम्या बंदुकीला धक्का नसतो, म्हणून तुझं नाणं पडलं नाही. तू सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हतो, आणि यात माझ्या कानांचा दोष नाही.

तीस वर्षांपूर्वी एका रंगरूटाला मी असंच भित्रा ठरवलं होतं. त्याच्या गोळ्या सारख्या खाली जायच्या. मी उस्तादांना सांगितलं, पोरगं घाबरतं. त्याला नेमबाजीच्या तुकडीतून काढून स्वयंपाकघरात लावलं. महिन्याने ती रायफल माझ्याकडे तपासणीला आली, तर नेम धरायची मागची खाच वाकलेली. मी ती सरळ केली. त्या मुलाकडे जाऊन सांगितलं मात्र नाही. आधी हत्यार बघायचं, मग माणूस, हा आम्हा आर्मररांचा पहिला धडा. मी तो दोनदा विसरलो. या वेळी निदान सांगतोय. माझं चुकलं, संजू.

आता कामाला लाग. दोन दोरे घे. कोपर काटकोनात वाकव. कोपराच्या आतल्या घडीपासून पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत एक दोरा. बंदुकीच्या चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत दुसरा. पहिला पांढरा, दुसरा लाल. दोन्ही पाकिटात घालून पाठव. दोरे पोस्टात चालतात.

आणि मूठ पकडल्यावर बोट चापावर कुठपर्यंत पोहोचतं? नुसतं टोक लागतं की पेर?

मामा


वरची वाडी
५ ऑक्टोबर २०२३

मामा,

दोरे पाठवते. लाल दोरा पांढऱ्यापेक्षा दोन बोटं लांब आहे. जितेशच्या हाताचा दोरा लाल दोऱ्याएवढाच आला. बंदूक या घरातल्या पुरुषांच्या मापाची आहे.

बोटाचं नुसतं टोक लागतं. मुठीवर सासऱ्यांनी सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलं होतं. त्याने ती माझ्या हाताला जाड होते आणि पावसात निसटते.

राग गेला. तुम्ही त्या मुलाचं लिहिलंत ते बरं केलंत.

संजीवनी


हिरकणीवाडी
९ ऑक्टोबर २०२३

संजू,

या पत्राची एक प्रत पियुष स्वतः महाडला नेऊन राजेशच्या हातात देईल आणि हे तुझ्याकडे पाठवील, कारण दिवस थोडे आहेत.

दस्ता मागून दोन बोटं कापायचा. टोकाला रबराची गादी लावायची, तिची जाडी धरूनच माप घ्यायचं. ट्यूब काढायची. मुठीचं लाकूड दोन्ही बाजूंनी थोडं तासायचं, आणि ओल्या हातातही पकड राहील अशा बारीक आडव्यातिडव्या रेघा कोरायच्या. नळीला हात लावायचा नाही.

घरात कुणी बोलेल. कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. विचार करून ठरव, पण लवकर ठरव.

मामा


वरची वाडी
१४ ऑक्टोबर २०२३

मामा,

कापला.

आदल्या संध्याकाळी सदूभावजी घरी आले. आम्ही बंदूक महाडला न्यायला गोणपाटात बांधत होतो. दारातच म्हणाले, “बापाच्या बंदुकीला करवत लावनार? बाबांनी पन्नास वर्षं हातात धरली ती.” जितेशचा हात गाठीवरच थांबला. ते खोटं नव्हतं. त्या लाकडावर सासऱ्यांच्या गालाची जागा झिजून गुळगुळीत झाली आहे.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “सदू, तुझ्या बापानं माझ्यासाठी विळ्याची मूठ तीनदा बदलली. माझा हात लहान म्हनून. त्या मानसाला सांगितलं असतं तर त्यानंच करवत आनली असती.” मग माझ्याकडे वळल्या. “ने गो. काप.”

सदूभावजी चहा न घेता गेले.

राजेशभाऊंनी माझ्यासमोर सगळं केलं. गालाची जागा तशीच राहिली, कापायचं होतं ते तिच्या मागे. बंदूक खांद्याला लावली आणि मामा, ती बसली. शोधावं लागलं नाही. बोटाचं पेर आपसूक चापावर आलं. काल संध्याकाळी गोणपाटावर एकच बार काढला, जास्त काडतुसं उडवायची नव्हती. गोणपाटाची चाळण झाली.

आता पाच दिवस राहिले.

संजीवनी


वरची वाडी
२० ऑक्टोबर २०२३

मामा,

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मी शेवटच आधी लिहीन.

मैदानावर आम्ही अकरा जण. दहा पुरुष आणि मी. सदूभावजी अर्जदार म्हणून आले होते, दोरीपलीकडे उभे. जितेशने रजा काढली होती. साहेबांबरोबर शिकवणारे एक हवालदार होते, पांढऱ्या मिशांचे. काडतुसं त्यांनीच दिली, प्रत्येकाला पाच. समोर बांधाला कागदाच्या चौकटी.

माझा नंबर सातवा. माझ्या आधी कापड्याकडचे एक काका होते. त्यांचा बार निघाला नाही तसे ते भरलेली बंदूक हातात घेऊन गर्रकन मागे वळले आणि म्हणाले, “साहेब, हे बघा, उडत नाय.” मागची सगळी माणसं खाली बसली. हवालदारांनी धावत जाऊन नळी वर केली आणि काकांना असं झापलं की त्यांनी उरलेली काडतुसं स्वतःच परत केली.

मग मी. पहिला बार चौकटीत. दुसरा चौकटीत. मागे कुणीतरी म्हणालं, “आयला, लागलं की.” तिसऱ्याला चाप ओढला.

टक्.

मामा, ऑगस्टातली ती संध्याकाळ, ती डुकरं, सगळं डोळ्यांसमोर आलं. दोरीपलीकडून सदूभावजींचा आवाज आला, “बघा, साहेब. तेच.” साहेबांनी विचारलं, “काय झालं?” मी उत्तर दिलं नाही. वळलेही नाही. नळी बांधाकडे धरली आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. साहेबांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मी डावा हात वर केला आणि मोजत राहिले. दहानंतर साहेबांनी विचारणं सोडलं. पंचवीसपर्यंत माझा श्वास जाग्यावर आला. तीस झाल्यावर तोंड बाजूला केलं, बंदूक उघडली, काडतूस काढून समोरच्या फळीवर ठेवलं. मग म्हटलं, “साहेब, काडतूस पेटलं नाही. बंदूक रिकामी आहे.”

हवालदारांनी ते काडतूस उचलून टोपी बघितली. साहेबांना दाखवली. “खड्डा खोल आहे, मधोमध आहे. बंदूक ठणठणीत. काडतूस मेलेलं.” मग मला विचारलं, “तीस मोजायला कुणी शिकवलं?”

“मामांनी. फौजेत आर्मरर होते.”

“कुठे शिकवलं?”

“पत्रातून.”

ते हसले नाहीत. दहाही पुरुषांकडे वळून म्हणाले, “आत्ता या बाईंनी जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं ना? घरी जाऊन पाठ करा.” आणि मला नवं काडतूस दिलं.

तिसरा चौकटीत. चौथा चौकटीत. पाचवा अगदी मधोमध.

साहेबांनी तिथेच अर्जावर शेरा लिहिला. जितेशने माझ्या हातातून बंदूक घेतली नाही, नुसता शेजारून चालत राहिला. दंडावर आज डाग नाही. मी दोनदा बघितलं.

तुमची,
संजीवनी


हिरकणीवाडी
२४ ऑक्टोबर २०२३, दसरा

संजू,

तुझं पत्र पियुषने हॉटेलात मोठ्याने वाचलं. गडावरून उतरलेली वीसएक माणसं जेवत होती. मला ऐकू येत नाही, पण मी त्यांचे चेहरे बघत होतो. तीस मोजायच्या जागी सगळ्यांचे घास हातातच राहिले. सुंदराबाई भाकरी थापते ती तव्यावरची भाकरी विसरली. जळली. मी तीच मागून घेतली.

मी शेकडो हत्यारं दुरुस्त केली. त्यांतलं एक जरी लढाईत वेळेला चाललं असेल, तरी मला ते कधी कळलं नाही. या वेळी कळलं.

काल डॉक्टरांनी पाय खाली टेकवायला सांगितला. काठी घेऊन दारापर्यंत गेलो.

बंदुकीला खोबरेल लावू नकोस.

मामा


वरची वाडी
६ नोव्हेंबर २०२३

मामा,

परीक्षा कागदावर झाली होती. डुकरांना त्याची खबर नव्हती.

नाचणीची कणसं भरली आणि ती पुन्हा आली. या वेळी चौदा. आम्ही वाडीतल्या बायकांनी ठरवून ठेवलं होतं. शर्मिला आणि तिची सून खालच्या अंगाला डबे घेऊन, मी वर, सेजल बॅटरी घेऊन माझ्या मागे. सूर्य डोंगराआड गेला तशी पुढची मादी करवंदीतून बाहेर आली. मी ती पूर्ण उघड्यावर येईपर्यंत थांबले. नळी तिच्या पुढच्या रिकाम्या मातीवर धरली आणि बार काढला. माती तिच्या तोंडावर उडाली. त्याच वेळी खालून डबे वाजले. चौदाही मागे फिरली आणि सरळ दरीच्या रानात. थांबली नाहीत, लांब उभी राहून बघितलंही नाही. तीन दिवस आम्ही तशाच बसलो. चौथ्या दिवशी आलीच नाहीत.

त्यानंतर सदूभावजी घरी आले. बराच वेळ जितेशशी गाडीबद्दल बोलत बसले. उठताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “वयनी, माझ्या खाचराच्या कडेनं पन एक फेरी मारशील काय? मी नसतो ना.”

मी म्हटलं, “पहिल्या दिवसापासून मारते, भावजी.”

ते उंबऱ्यातच थांबले. “ठावं हाय,” म्हणाले. “म्हनून तर आजवर इचारलं नव्हतं.” मग आत येऊन बसले आणि चहा मागितला.

ग्रामसभेत तीन वाड्यांनी मिळून ठराव केला की राखणीच्या पाळ्या मी लावायच्या. शर्मिला आणि खालच्या वाडीतली राजनंदिनी, दोघींनी परवान्याचे अर्ज भरले. त्यांच्या हाताचे दोरे मी घेऊन ठेवलेत.

आज पहाटे सासूबाईंना हात धरून वरच्या खाचरात नेलं. गेल्या दोन वर्षांत त्या इकडे चढल्या नव्हत्या. बघायला काही नव्हतं म्हणून. त्या बांधावर उभ्या राहिल्या. खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबूस कणसं, कुठे खड्डा नाही, कुठे पडलेलं नाही. त्यांनी एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली, दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावत राहिल्या.

“विळं गंजलं असतील,” म्हणाल्या. “घासून ठेव गो.”

आज दिवसभर मी विळ्यांना धार लावतेय. उद्या कापणी.

तुमची,
संजीवनी